भिंतीपलीकडची लिंबं

भात झोडून झालं, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की आमच्या सड्यावरचं गवत आठवडाभरात रंग बदलतं. पावसाळाभर ज्या कातळावर पाय ठेवला की पाणी फुटायचं, तो कातळ सकाळी थंडगार आणि दुपारी तापलेला असतो. मधे कमरेएवढं पिवळं गवत. खाडीवरून वारा आला की ते सगळं एका बाजूला झुकतं आणि परत उभं राहतं. रत्नागिरीवर लिहिणारे आंब्याच्या दिवसांवर लिहितात, नोव्हेंबरच्या वाट्याला कुणी जात नाही. आम्हा ख्रिस्ती माणसांना मात्र वर्षातला हाच महिना जवळचा. हा मृतांचा महिना. दफनभूमीत कोयते घेऊन जायचं, कबरींवरचं रान काढायचं, चुना फासायचा, झेंडूच्या माळा करायच्या. हात हिरवे, चपला पांढऱ्या आणि अंगाला झेंडूचा उग्र वास, अशी माणसं संध्याकाळी सड्यावरून खाली उतरताना दिसली की समजायचं, नोव्हेंबर लागला.

यंदाही लागला. आणि गेल्या आयतारी, म्हणजे रविवारी, मिस्साची प्रार्थना संपताना आमच्या नव्या, तरुण फादरांनी मला उभं केलं. म्हणाले, "ऐंशीच्या दशकात चर्चमध्ये एवढे बदल झाले, ते ह्या गावाला समजावून सांगितले आपल्या मास्तरांनी. भिंतीपलीकडची मुलं आत आली ती ह्यांच्यामुळे." टाळ्या वाजल्या. मी काठी धरून उभा होतो. बायकांच्या बाजूला माझी बायको आनमारी बसली होती, तीही टाळ्या वाजवत होती, जरा जास्तच जोरात.

घरी येताना उतारावर ती म्हणाली, "टाळ्या बऱ्या पडल्या, मास्तर."

एवढंच. पुढं वाटभर गप्प. साठ वर्षांच्या संसारात तिची ही गप्प बसण्याची रीत मी ओळखून आहे. म्हणून हे लिहायला बसलो. फादरांनी सांगितलं ते खरं नाही. खरं त्याहून पुष्कळ चांगलं आहे.

*

रोममध्ये ठरलेली गोष्ट हातखंब्याच्या फाट्यापर्यंत यायला दहा वर्षं लागली आणि तिथून आमच्या सड्यावर चढायला आणखी दहा. साठच्या दशकात जगभरचे बिशप जमले, त्यांनी चर्चच्या खिडक्या उघडल्या, हे आम्ही ऐकून होतो. लॅटिन जाऊन मराठी आली, आमच्याकडे पाठ करून उभे राहणारे फादर आमच्याकडे तोंड करून उभे राहू लागले. म्हाताऱ्यांना ते आवडलं नाही. "पयल्यांदा फादर देवाकडं बघायचा, आता आमच्याकडं बघतो. आमच्यात बघण्यासारखं काय हाय?" असं पेद्रूबाब म्हणायचे. पेद्रूबाब म्हणजे चर्चची घंटा वाजवणारे, कबरी खणणारे आणि फादर सोडून सगळ्यांवर हुकूम चालवणारे आमचे वडीलधारे.

मग ऐंशीच्या दशकात फादर पास्कल आले. वसईकडचे, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. चर्चचा नवा कायदा नुकताच लागू झाला होता. त्यांनी मला बोलावलं. मी शाळामास्तर आणि मुलांना धर्मशिक्षण देणारा. म्हणाले, "मास्तर, मी सांगितलं की लोक मान डोलावतात आणि विसरतात. तुम्ही सांगा. तुमच्याशी भांडतील तरी."

खरंच भांडले. दर आयतारी मिस्सा झाल्यावर पडवीत बाकं टाकून आम्ही बसायचो. लोकांनी त्याला 'समजावणी' असं नाव पाडलं. समुद्रावरून वर येणारं ऊन, कुणाच्या तरी टोपलीतल्या सुक्या मासळीचा वास, आणि मधे हातात कागद घेऊन मी.

ख्रिस्तप्रसाद आता जिभेवर न घेता हातातही घेता येईल, असं सांगितलं तेव्हा मासे विकणारी रोजिनबाय उठून उभी राहिली. दोन्ही हात पुढे केले. "अवो मास्तर, ह्या हातानं मी काल बांगडे निवडले. ह्यात देव ठेवायचा?"

मी कागदात उत्तर शोधू लागलो. मागून फादर पास्कल म्हणाले, "रोजिनबाय, प्रभूचा शिष्य पेत्र काय निवडत होता? मोगरा?"

पडवी हसली. पुढच्या आयतारी रोजिनबाय रांगेत पहिली होती. हात असे पुढे धरलेले, की फादरांनाच क्षणभर थांबावं लागलं.

ख्रिस्तप्रसादाआधीचा उपास पूर्वी मध्यरात्रीपासून असायचा, तो एका तासावर आला. पेद्रूबाब भडकले. "एक तास? मला घरातनं चढून यायलाच एक तास लागतो. मग उपास केला कवा?" शुक्रवारी मटण न खाण्याचा नियम सैल झाला, त्यावर मात्र कुणी भांडलं नाही. आमच्याकडे शुक्रवारी मटण कधी नव्हतंच, सुरमई असायची. ती खाताना आपण प्रायश्चित्त करतोय असं कुणालाही वाटलं नव्हतं.

अशा हसण्याखिदळण्यात महिने गेले. मला वाटू लागलं, आपल्याला हे जमतं. मग भात पिवळं पडायच्या सुमाराला फादरांनी पुढचा कागद माझ्या हातात दिला. मी तो वाचला आणि घरी न्यायचा सोडून चर्चमध्येच मेजावर ठेवला.

*

आमच्या दफनभूमीला चिऱ्यांची भिंत. भिंतीबाहेर, उतरत्या बाजूला, लिंबांची झाडं. आपली साधी, लोणच्याला लागतात ती लिंबं. फळांनी लगडायची, पिवळी होऊन खाली पडायची, कुणी उचलायचं नाही. पाहुणी पोरं तोडायला गेली तर आया ओरडायच्या.

ह्या झाडांची गोष्ट एका शब्दाची आहे. बाप्तिस्मा व्हायच्या आधी जी बाळं मरतात, त्यांना स्वर्ग नाही आणि नरकही नाही, ती 'लिंबो' नावाच्या जागी राहतात, असं जुने गोरे पाद्री सांगत. तिथं दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. आमच्या लोकांनी ऐकलं, 'लिंब'. बाळं लिंबात जातात. अशा बाळांना पवित्र केलेल्या जमिनीत जागा नव्हती, ती भिंतीबाहेर पुरायची. मग कुणीतरी पहिल्यांदा विचार केला असेल, की पोर जिथं जायचं तिथलं झाड निदान उशाशी असावं. लिंबाचं रोप लावलं. पुढं तीच रीत झाली. ह्या बाळांना नाव नसे, कारण नाव बाप्तिस्म्यालाच मिळतं. दगड नसे, खुरीस म्हणजे क्रूस नसे. फक्त झाड.

मी शिकलेला होतो. लिंबो आणि लिंबू ह्यांचा संबंध नाही, हे मला ठाऊक होतं. लोकांच्या ह्या अडाणीपणाला मी मनातल्या मनात हसतही असे, एका ऑगस्टपर्यंत.

तेव्हा मी देवरूखच्या शाळेत होतो. शनिवारी एस.टी.नं घरी यायचो. आनमारीचे दिवस भरले नव्हते, म्हणून निर्धास्त होतो. मुलगी आधीच आली. एका संध्याकाळी जन्मली आणि दुसऱ्या संध्याकाळी गेली. फादर खाडीपलीकडे अडकलेले, होडी घालायला कुणी तयार नाही. मरणाच्या दारातल्या बाळाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. पाणी ओतायचं आणि एक वाक्य म्हणायचं. शेजारीण देऊ शकते, सुईण देऊ शकते, ती आपल्या धर्माची नसली तरी चालते. हे मला माहीत होतं. मी ते पोरांना शिकवत होतो. घरात मात्र कधी सांगितलं नव्हतं, कारण बायकांना कशाला सांगायचं. अंगणात पागोळ्या धो धो वाहत होत्या आणि मुलीच्या कपाळावर पाण्याचा एक थेंब पडला नाही.

मी पोचलो तेव्हा पेद्रूबाब भिंतीबाहेर खणून, पुरून मोकळे झाले होते. आनमारी चटईवर पडलेली. तिनं मला एकच विचारलं, "ती कुठं गेली हो?"

आणि मी, भिजलेल्या कपड्यांनिशी, वर्गात सांगावं तसं सांगितलं, "लिंबोत."

तिनं कूस बदलली. थोड्या दिवसांनी तिनं एक रोप नेऊन लावलं. पुढं दोन मुलगे झाले, शिकले, नोकरीला लागले. मुलीचा विषय आमच्यात परत निघाला नाही. तो निघेल अशा प्रत्येक वाटेला मी वीसेक वर्षं वळसा घालत गेलो. आणि वर्गात दरवर्षी प्रश्न विचारत गेलो, बाप्तिस्म्यावाचून मेलेली बाळं कुठं जातात? पोरं एका सुरात ओरडायची. त्या सुरात पुढं माझे दोन्ही मुलगेही होते.

आज ह्या म्हाताऱ्याला विचाराल तर सगळ्यात जास्त काय टोचतं, तर तो सूर.

*

फादर पास्कलनी दिलेल्या कागदावर लिहिलं होतं ते असं. आईबापांची बाप्तिस्मा द्यायची इच्छा होती, पण त्याआधीच बाळ गेलं, तर बिशपांच्या परवानगीनं त्याचा चर्चमध्ये अंत्यविधी करता येईल. फादर म्हणाले, "आपली झाडं मी पाहिलीत. बिशपांची परवानगी आली आहे. ह्या मृतांच्या दिवशी भिंतीबाहेरही प्रार्थना करायची. लोकांना तयार करा."

त्या आयतारी पडवी भरलेली. कापणी चालू होती, तरी माणसं आली होती. पायांना चिखल, मानेला भाताची कुसं. मी कागद वाचला. आवाज कापत होता. तो माझ्या म्हातारपणाचा कंप नव्हे, तेव्हा मी पन्नाशीचाही नव्हतो.

वाचून झाल्यावर मी कागद खाली घेतला. मग पेद्रूबाब उठले.

"म्हंजे लिंबात कोण नाय?"

"पेद्रूबाब, लिंबो हा चर्चचा सिद्धांत कधीच नव्हता," मी म्हणालो. "विद्वानांचं मत होतं."

"मत निवडणुकीत देतात मास्तर. मी इचारतो, पोरं खंय गेली?"

"आता चर्च म्हणतं, त्यांना देवाच्या दयेवर सोपवावं."

"आता म्हणतं! आणि तेव्हा?" त्यांनी दफनभूमीकडे बोट केलं. "ती भिंत माझ्या बापानं बांधली. चिरा न चिरा डोक्यावरनं आणला. पाद्रीनं आखून दिली तिथं बांधली. मी त्या भिंतीभायेर ह्या हातानं पोरं पुरली. लोकांच्या पोटची. आया रडत होत्या आणि मी त्यांना लांब सारलं, कारण नियम होता. आज तुम्ही म्हणता, ते मत होतं? मग मी काय केलं ओ?"

तोच प्रश्न माझा होता. मी फादरांकडे पाहिलं. ते मोठ्या आवाजाचे फादर खाली बघत होते. हळूच म्हणाले, "पेद्रूबाब, पाद्री खोटं बोलले नाहीत. त्यांना जेवढं दिसलं तेवढं त्यांनी सांगितलं."

"मग आज जास्ती दिसाय लागलं?" मागून कुणीतरी टोमणा मारला. "उद्या आणखी काय दिसंल?"

दोन-तीन माणसं उठून जाऊ लागली. कुणी म्हणालं, राहू दे, जुनं आहे ते बरं आहे, झाडं आहेत तिथं राहू देत. मला दिसत होतं की आता सगळं विस्कटणार. फादर जबरदस्ती करणारे नव्हते. गाव नको म्हणालं तर बिशपांची परवानगी तशीच पडून राहिली असती.

तेव्हा बायकांच्या बाजूनं आनमारी उभी राहिली. समजावणीत ती कधी बोलली नव्हती. मास्तरची बायको म्हणून मागं बसायची. डोक्यावरचा पदर नीट केला आणि पेद्रूबाबांनाच म्हणाली, "पेद्रूबाब, मी रोज सांजची भिंतीमागं जाते, ठावं हाय तुमाला?"

ते गोंधळले. "गवताला जातेस ना गो?"

"गवताला रोज कोण जातं? मी माळ घेऊन तेर्स म्हणाया जाते. माझ्या पोरीसाठी. ती मेली त्या म्हैन्यापासनं. कोण म्हणालं नव्हतं म्हण म्हणून. उलट हे म्हणाले होते, ती देवाला दिसायची नाय." तिनं माझ्याकडे बोटही दाखवलं नाही. "मी एकटी नसते. ही रोजिनबाय असते, तिच्या आयशीनं लावलेलं लिंब हाय तिथं. आणखी बायका असतात. इतकी वर्सं आमी तिथं मागणं करतो, कारण आमाला म्हाईत होतं कोण ऐकतं ते. आज नियम आला, तर तुमी म्हणता देव बदलला. देव नाय बदलला. नियम चालत चालत आमच्यापाशी पोचला. वाटंत त्याचे पाय दुखले असतील, म्हणून उशीर झाला."

रोजिनबाय फसकन हसली आणि लगेच डोळ्यांना पदर लावला.

"आणि इच्छा होती का म्हणून कोण इचारणार असंल," आनमारी पुढं म्हणाली, "तर बाप्तिस्म्याचं पांढरं झबलं माझं सातव्या म्हैन्यात शिवून झालं होतं."

पेद्रूबाब मटकन बसले. "आणि मी पुरलं त्याचं काय गो?" हे त्यांनी इतक्या बारीक आवाजात विचारलं, की लहान पोरानं विचारावं.

"तुमी पावसात खणलंत. माझ्या पोरीला उघड्यावर नाय टाकलं. भिंत तुमच्या बापानं बांधली, पेद्रूबाब. देवानं नाय बांधली. बापाचं काम ल्योक बदलू शकतो."

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. एवढं शिक्षण, एवढं वाचन, आणि चर्चमध्ये बदल कसा होतो हे मला त्या दिवशी माझ्या बायकोनं सांगितलं. आम्ही ज्याला नवं म्हणत होतो, ते आमच्या बायका रोज संध्याकाळी भिंतीमागं गुपचूप करत होत्या. मी मात्र त्या वेळी घरात कंदिलाच्या काचा पुसत बसलेला असायचो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सड्यावर ठाक ठाक आवाज. आम्ही धावत गेलो. पेद्रूबाब पहार घेऊन भिंतीशी भिडलेले. वय सत्तरीच्या पुढं. कुणी मदतीला गेलं की ओरडायचे, "हात लावू नका! माझ्या बापाची हाय." एकेक चिरा मोकळा करून ते पुसून बाजूला लावत होते, एकही फोडत नव्हते.

"पाडताय का पेद्रूबाब?" फादर पास्कलनी विचारलं.

"पाडीन कशाला? सरकवतोय." त्यांनी घाम पुसला आणि लिंबांच्या पलीकडे, उताराच्या कडेशी, खुंट्या मारून ताणलेली दोरी दाखवली. "आता हितं येईल. बापानं आणलेला एक चिरा वाया जायचा नाय. कमी पडतील ते आणा तुमी."

कमी पडणारच होते. मग गावानं आणले. कापणी अर्धी टाकून माणसं चिरे वाहू लागली. शेजारच्या कुणबीवाडीतलेही आले, त्यांच्यातली एक म्हातारी सुईण हातात पाण्याची कळशी घेऊन सगळ्यांना पाणी देत फिरत होती. तांबड्या धुळीनं सगळे सारखेच दिसत होते. रोजिनबायनं दुपारी सगळ्यांना मासळीची कढी आणि भात घातला. त्या आठवड्यासारखी भूक मला पुन्हा कधी लागली नाही.

आजही नवीन मुलं मला विचारतात, मास्तर, चर्चची शिकवण बदलते म्हणजे जुनं खोटं होतं का? मी त्यांना दफनभूमीत नेतो आणि भिंत दाखवतो. जुने चिरे काळपट, नवे तांबडे. कुठून कुठंवर जुने ते हाताला कळतं. बघा आणि ठरवा, म्हणतो. दरवेळी एखादा तरी हात फिरवत भिंतीच्या टोकापर्यंत जातो.

*

मृतांच्या दिवशी दुपार कलताना मिस्सा दफनभूमीतच झाली. गावातल्या बँडवाल्यांनी क्लॅरिओनेट आणली होती. मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या आणि पोरं त्या पुन्हा पुन्हा पेटवत होती. चिऱ्यांची धूळ अजून हवेत होती, मेणाचा वास, गवताचा वास, आणि पहिल्यांदाच कुणीतरी तोडलेल्या लिंबांचा वास. फादर पवित्र पाणी शिंपडत जुन्या भिंतीच्या खुणेपाशी आले. दरवर्षी ते इथून माघारी वळायचे. त्या दिवशी नाही वळले. सगळा जमाव गात त्यांच्या मागं गेला.

पहिल्या झाडाशी फादरांनी विचारलं, "हे कुणाचं बाळ?" त्याचं कुणीच उरलं नव्हतं. पेद्रूबाब पुढं झाले, म्हणाले, "आमचं. सगळ्यांचं." फादरांनी पाणी शिंपडलं. पुढच्या झाडाशी रोजिनबाय उभी राहिली आणि तिनं आपल्या थोरल्या भावाला त्याच्या जन्मानंतर पासष्ट वर्षांनी नाव दिलं. नाव देताच तिला हुंदका आला आणि हसूही आलं. म्हणाली, "थोरला, आणि बाळ!"

मग आमचं झाड आलं. मी आनमारीच्या बाजूला उभा होतो. मला आठवलं, बाप म्हणून नाव सांगायचं ते मला. आणि मला नाव माहीत नव्हतं. आम्ही कधी ठेवलंच नव्हतं.

फादर माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, नाव?"

"आसुंता," आनमारी म्हणाली.

ऑगस्टमध्ये मरियामातेला स्वर्गात नेल्याचा सण असतो, त्यावरून आमच्याकडे मुलींना हे नाव ठेवतात. आसुंता म्हणजे स्वर्गात उचलून घेतलेली. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मी ओल्या कपड्यांत चटईशी बसून तिला लिंबो सांगितला, त्याच दिवशी तिनं कूस बदलून हे नाव ठेवलं होतं, आणि रोज संध्याकाळी ती त्या मुलीला ह्याच नावानं हाक मारत आली होती.

वारा जोराचा होता, बँडवाले सूर धरून उभे होते. फादरांना ऐकू आलं नाही. "काय नाव म्हणालात?"

आनमारीनं तोंड उघडायच्या आधीच मी ओरडलो. वर्गात हजेरीला ओरडायचो त्याहून मोठ्यानं, खालच्या खाडीतल्या होड्यांना ऐकू जावं असं, माझ्या मुलीचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं.